शटर उघडं ठेवताना: स्टुडिओतल्या हालचालीवर वाचकांचे प्रश्न

स्टुडिओत आलेल्या माणसाला आपण सगळ्यात आधी काय सांगतो? "हलू नका." या सदरात मी बरोबर उलट सांगितलं होतं: हलू द्या, आणि शटर अर्ध्या सेकंदापासून चार-पाच सेकंदांपर्यंत उघडं ठेवून बघा. त्यावर नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी जे विचारलं, त्यातले काही प्रश्न इथे घेतो आहे. जवळजवळ प्रत्येकाला 'शटर किती ठेवू?' हे हवं आहे. आधी हालचालीला किती वेळ लागतो ते मोजा, असं माझं म्हणणं आहे. ओढणी एक फेरा किती वेळात घेते, गिरकी किती वेळात पुरी होते, ते कळलं की शटरचा आकडा आपोआप हातात येतो.

प्रश्न : माझा छोटा स्टुडिओ आहे, दोन स्ट्रोब (स्टुडिओचे मोठे फ्लॅश) आणि एक सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी). मॉडेलला ओढणी फिरवायला सांगतो, शटर १/४ ठेवतो, तरी ओढणी जागच्या जागी गोठलेली येते. ब्लर दिसतच नाही. कॅमेऱ्यात काही बिघाड असेल का? (नंदनवन)

कॅमेरा ठणठणीत आहे. कमतरता खोलीतल्या उजेडाची आहे.

फ्लॅश वापरून मंद शटरने काढलेल्या फोटोत दोन एक्स्पोजर एकमेकांवर बसलेली असतात. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपून जातो. शटर १/४ असो की चार सेकंद, फ्लॅशने उजळलेला भाग तेवढाच उजळ राहतो. तो कमी-जास्त करायचा तर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) किंवा फ्लॅशची पॉवर बदलावी लागते. सतत जळणारा दिवा मात्र शटर उघडं असेपर्यंत सेन्सरवर उजेड साठवत राहतो, आणि ओढणीची रेघ उमटते ती याच दिव्यामुळे. तुमच्याकडे बहुधा स्ट्रोबचे मंद मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशचा उजेड कुठे पडेल ते दाखवणारे छोटे दिवे) सोडले तर असा दिवाच नाही.

खात्री करून घ्या. फ्लॅश बंद करा आणि तेच सेटिंग ठेवून फोटो काढा. फ्रेम काळीकुट्ट आली, तर शटर कितीही लांबवलं तरी दिसण्यासारखं काही नाही. आता एका बाजूने हॅलोजन किंवा सतत जळणारा एलईडी लावा. फ्लॅश बंदच ठेवून त्या दिव्याचं योग्य एक्स्पोजर शोधा. समजा ते आयएसओ १००, एफ/८ आणि १/४ सेकंद आलं. ओढणीचा फेरा एक सेकंदाचा असेल, तर एफ/१६ आणि १ सेकंद हे तेच एक्स्पोजर झालं. अॅपर्चर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) बंद झालं म्हणून फ्लॅशची पॉवर चौपट करा. मला स्वतःला रेघ फ्लॅशपेक्षा एक स्टॉप मंद आवडते. त्यासाठी दिवा आहे त्या अंतराच्या साधारण १.४ पट लांब न्या, उजेड निम्मा होतो.

रंगाचंही बघा. हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास आणि फ्लॅश ५५०० च्या आसपास, त्यामुळे रेघ नारिंगी येईल. ती नको असेल तर फ्लॅशवर पूर्ण सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद) लावून व्हाइट बॅलन्स ३२०० वर आणा. मी बहुतेक वेळा जेल लावत नाही, कारण नैसर्गिक रंगाच्या चेहऱ्याभोवती ती उबदार रेघ फार सुंदर दिसते.

प्रश्न : मी कथक शिकवते. विद्यार्थिनींच्या चक्करचा फोटो हवा आहे, घेर पसरलेला आणि शेवटची मुद्रा स्पष्ट. दोनदा प्रयत्न झाला. एकदा मुद्राच हुकली. दुसऱ्या वेळी मुद्रा मिळाली, पण चेहऱ्यावरून पांढरे पट्टे गेले. फोटोग्राफरला काय सांगू? (धरमपेठ)

ताई, तुमचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला, कारण वेळ मोजण्याचं सर्वात उत्तम साधन तुमच्याकडे आधीच आहे. ते म्हणजे ताल.

मिनिटाला १२० मात्रांची लय धरा. तीनतालाच्या सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांचं होतं. 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा दाखवायची जागा, नवव्या मात्रेवर येते. तिथून पुढच्या समेपर्यंत, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, आठ मात्रा, म्हणजे चार सेकंद. फोटोग्राफरने शटर खालीच्या मात्रेला उघडायचं, विद्यार्थिनीने चक्कर घेत समेवर मुद्रेत यायचं आणि फ्लॅश समेवर पडायचा. तबला किंवा लेहरा मोठ्याने लावा, सगळ्यांना एकाच वेळी ऐकू गेला पाहिजे. फोटोग्राफरने आधी कॅमेऱ्याला हात न लावता चार-पाच आवर्तनं नुसती टाळी देत ऐकावीत. हा सराव मला लेन्सच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

फ्लॅश शेवटी पाडण्यासाठी कॅमेऱ्यात रिअर कर्टन सिंक असतं. त्यात फ्लॅश शटर बंद होण्याच्या जरा आधी पडतो, त्यामुळे रेघ मुद्रेच्या मागे राहते आणि हालचाल पुढे चाललेली वाटते. फ्लॅश सुरुवातीलाच पडला तर रेघ मुद्रेच्या पुढे धावते आणि नर्तिका उलटी फिरल्यासारखी दिसते. अडचण अशी की स्टुडिओ स्ट्रोबचे अनेक साधे रेडिओ ट्रिगर शटर उघडतानाच इशारा देतात, मेन्यूत काहीही निवडलं तरी. तेव्हा सरळ मार्ग धरा. कॅमेऱ्यावरचा ट्रिगर काढून हातात घ्या, बल्ब मोडमध्ये (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं राहतं) केबल रिलीजने, म्हणजे वायरच्या बटणाने, शटर उघडा आणि समेवर ट्रिगरचं टेस्ट बटण दाबा. बटण ज्याच्या हाती असेल त्याला ताल कळायला हवा, त्यामुळे ते तुम्हीच दाबलंत तर उत्तम. मुलीने मुद्रा अर्धा सेकंद धरून ठेवावी, मग शटर बंद.

आता चेहऱ्यावरचे पट्टे. चार सेकंदांत पांढरी ओढणी आणि बाह्या चेहऱ्याच्या जागेवरून अनेकदा गेल्या, आणि प्रत्येक वेळी तिथे उजेड साठला. सेन्सरवर एकदा पडलेला उजेड पुसता येत नाही, नंतरचा त्यावर चढत जातो. यावर उपाय सतत जळणाऱ्या दिव्याच्या जागेत आहे. तो खाली, बाजूला ठेवा आणि बार्नडोअर (दिव्यापुढच्या धातूच्या झडपा) अशी वळवा की प्रकाश कमरेच्या वर जाणार नाही. घेर उजळेल, चेहरा समेपर्यंत अंधारात राहील आणि फ्लॅश पडेल तेव्हा स्वच्छ उमटेल. ओढणी कमरेला घट्ट खोचा. घुंगरांवर मात्र उजेड पडू द्या, धातूच्या चकाकीच्या बारीक रेघा उमटतात त्या इतर कशानेही मिळत नाहीत.

मागचा पडदा काळाच हवा, शक्यतो मखमल. गांधीबागेच्या कापड बाजारात मोठ्या पन्ह्याची मिळाली तर सोनंच, कारण साधं काळं कापड फ्लॅशमध्ये करडं होतं. पडद्यापासून मुलीचं अंतर अडीच-तीन मीटर ठेवा. कपडे पांढरे किंवा फिकट असू द्या. पांढऱ्या पडद्यापुढे काळा घेर फिरवला, तर मागचा उजेडच त्याला गिळून टाकतो आणि हाती काही लागत नाही.

प्रश्न : शाळेच्या लेझीम पथकाचा फोटो काढायचा आहे. एका मुलाचे हात एकाच फोटोत आठ-दहा जागी दिसावेत असं मनात आहे. माझ्या स्पीडलाइटवर (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशवर) 'मल्टी' मोड आहे. (कामठी)

हे जमण्यासारखं आहे. मल्टी मोडमध्ये सेकंदाला किती वेळा फ्लॅश पडायचा ते हर्ट्झमध्ये ठरवता येतं. ५ हर्ट्झ आणि २ सेकंदांचं शटर म्हणजे १० ठसे. एका मुलाला लेझीमची एक पूर्ण हालचाल करायला लावा, घड्याळ लावा, आणि तेवढाच शटरचा वेळ घ्या. खोली पूर्ण अंधारी ठेवा. पॉवर १/३२ किंवा त्याहून कमी ठेवा, नाहीतर स्पीडलाइट दहा वेळा भरून निघणार नाही. दोन-चार फोटोंनंतर त्याला थंड होऊ द्या.

खरी गोम वेगळीच आहे. हात दर वेळी नव्या जागी असतो, म्हणून त्याला एकेकच फ्लॅश मिळतो. छाती आणि पाय जागेवरच असतात, त्यांना दहाही मिळतात, म्हणजे तीन स्टॉपहून जास्त उजेड. पाय पांढरेफटक आणि हात फिके, असा फोटो येतो. यावर एका फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने फार पूर्वी तोडगा काढून ठेवला आहे. एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ पासून पॅरिसमध्ये एकाच प्लेटवर हालचालीचे अनेक टप्पे टिपले. पुढे त्यांनी माणसाला नखशिखांत काळे कपडे घालून हातापायांवर फक्त पांढऱ्या पट्ट्या लावल्या, म्हणजे अंग नाहीसं आणि हालचाल तेवढी उरते. तुम्ही मुलाला काळा टी-शर्ट आणि काळी पँट घाला, मनगटांना पांढरे रुमाल बांधा आणि फ्लॅश बाजूने, फक्त हातांवर पडेल असा लावा. लेझीमच्या चकत्या चमकतील तो वरचा लाभ. पूर्ण पथक एकाच फ्रेममध्ये घेऊ नका, ठशांची नुसती गर्दी होईल.

प्रश्न : फ्लॅश नाही, स्टुडिओ नाही. एक खोली, ट्रायपॉड आणि टॉर्च. तान्ह्या पोळ्याचा जुना लाकडी नंदी आहे घरात, त्याच्यावर काही करता येईल? (महाल)

भरपूर करता येईल, आणि मला तर हाच प्रकार सर्वात प्रिय आहे. उजेडाने रंगवणं म्हणतात ते हेच. नंदी काळ्या कापडावर ठेवा, दिवा लावून फोकस करा, मग फोकस मॅन्युअलवर टाका म्हणजे अंधारात लेन्स शोधत फिरणार नाही. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद करा. आयएसओ १००, एफ/११, २० ते ३० सेकंद. दिवा बंद, शटर सुरू, आणि टॉर्च हातात.

टॉर्चच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी गुंडाळा, म्हणजे झोत बारीक होतो आणि टॉर्चचा डोळा कॅमेऱ्याला दिसत नाही. हात सतत हलता ठेवा. घरची भिंत ब्रशने रंगवताना जसा एका जागी थांबलात तर थर चढतो, तसंच इथे. समोरून उजेड टाकू नका, नंदी सपाट दिसतो. बाजूने, जवळजवळ पाठीवरून घासत जाणारा झोत टाका. लाकडाचे रेषे, शिंगांवरचा उडालेला रंग, छिन्नीच्या खुणा सगळं वर येईल. पाच सेकंद एका बाजूला, तीन दुसऱ्या, दोन शिंगांवर, अशी वाटणी मनात ठरवून घ्या. स्वतः गडद कपडे घाला.

टॉर्च कॅमेऱ्याकडे वळवून हवेत रेघा काढल्या तर त्याही उमटतात. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९१४ च्या सुमारास कामगारांच्या हाताला छोटे दिवे बांधून त्यांच्या हालचालींचे मार्ग असेच टिपले होते. १९४९ मध्ये ग्योन मिली यांनी पिकासोच्या हाती दिवा देऊन त्याची हवेतली चित्रं काढली. पिकासो स्वतः स्पष्ट दिसतो, कारण अंधारात फ्लॅशही मारला होता. तुम्हाला नंदीभोवती प्रकाशाची झूल काढायची असेल, तर आधी नंदी रंगवा आणि रेघा शेवटच्या पाच सेकंदांत काढा.

प्रश्न : एलईडी पॅनलखाली मंद शटरने काढलेल्या रेघा सलग न येता तुटक-तुटक येतात. (प्रतापनगर)

पॅनल लुकलुकतं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. स्थिर वस्तूवर ते कळत नाही, पण वेगाने जाणारी चमकदार कड प्रत्येक झपक्यात पुढे सरकलेली असते. डिमर कमी केल्यावर तुटकपणा वाढत असेल, तर दोष डिमरच्या पद्धतीत आहे. पॅनल पूर्ण तेजावर ठेवून लांब न्या, किंवा सरळ हॅलोजन वापरा. त्याची तार थंड व्हायला वेळ घेते, म्हणून रेघ सलग येते. विकत घेण्याआधी मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये दिवा बघून घ्या.

प्रश्न : प्री-वेडिंगच्या ग्राहकांना असे फोटो दाखवले की "भाऊ, हा तर हलला ना" म्हणतात. त्यांना पटवायचं कसं? (मानेवाडा)

त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. पुष्कळदा ते बरोबरच असतं. सगळंच थोडं-थोडं हललेलं असेल, तर पाहणाऱ्याला चूकच दिसते. फोटोत एक जागा निर्विवाद स्थिर हवी, डोळे, हातात धरलेला हात, नाहीतर निदान खुर्ची, आणि हललेला भाग भरपूर हललेला हवा. १/१५ सेकंदाची डळमळ कोणालाच आवडत नाही. तिथून थेट एक सेकंदावर जा.

१८३८ साली लुई डागेर यांनी पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे चालणारी माणसं, गाड्या सगळं पुसलं गेलं. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस, आणि आजही नजर त्याच्यावरच जाते. जोडप्यापैकी एकाला असंच थांबवा. नवरदेव स्थिर उभा आणि त्याच्याभोवती नवरीचा शालू फिरतो आहे, हा फोटो कोणत्याही आजीला समजावून सांगावा लागत नाही. अशा बैठकीत आधी नेहमीचे स्वच्छ फोटो काढून द्या. पैसे देणाऱ्याचा जीव भांड्यात पडला की तो मग प्रयोगाला मोकळा होतो.

प्रश्न : मे महिन्यात लांब एक्स्पोजरमध्ये रंगीत ठिपके फार येतात. कूलर लावूनही फरक नाही. (हिंगणा रोड)

पारा ४५ च्या घरात गेला की सेन्सरही तापतो. दर सहा ते आठ अंशांना त्यातला उजेड नसतानाही वाहणारा करंट साधारण दुप्पट होतो, ठिपके त्याचेच. लाइव्ह व्ह्यू सतत चालू ठेवू नका, शूट सकाळी उरका, आणि दहा सेकंदांच्या पुढच्या एक्स्पोजरला कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू करा. त्यात कॅमेरा तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम घेऊन ठिपके वजा करतो, म्हणून प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ धरा. कूलर मात्र शटर उघडण्याआधी बंद करा. त्याच्या वाऱ्याने पडदा, केस आणि जेल हलतात, आणि खोली पहिल्या मजल्यावर असेल तर त्याची थरथर फरशीतून ट्रायपॉडपर्यंत पोचते.