प्रकाशाने चालू होणारं औषध आईच्या मायलोमासाठी मिळेल का?

तुमच्या आईंना मल्टिपल मायलोमा (हाडांच्या मज्जेतला कर्करोग) आहे, लेनालिडोमाइडच्या गोळीने पांढऱ्या पेशी सारख्या खाली येतात, म्हणून फक्त प्रकाश पडेल तिथेच काम करणारं औषध त्यांना मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. आज नाही. प्रकाश पडल्यावर पेशीतली नको असलेली प्रथिनं मोडायला लावणारी औषधं अजून प्रयोगशाळेतच आहेत.

आई घेतात ती गोळीही प्रथिनं मोडायला लावूनच काम करते. ती पेशीतल्या सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटते. मग इकारोस आणि आयोलोस या प्रथिनांवर युबिक्विटिनची, म्हणजे ‘हे मोडा’ अशी, खूण लागते आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र त्यांचा चुरा करतं. मायलोमाच्या पेशी या दोघांच्या जिवावर तगतात, पण निरोगी रक्तपेशी तयार व्हायलाही इकारोस लागतं. तुमची अडचण नेमकी तिथली आहे.

2020 मध्ये ट्राउनर आणि पागानो या शास्त्रज्ञांच्या गटांनी ‘फोटॅक’ हे प्रकाशाने चालू होणारे रेणू केले. रेणूचं एक टोक सेरेब्लॉनला धरतं, दुसरं नको असलेल्या प्रथिनाला, आणि मधे अझोबेन्झिन, म्हणजे प्रकाशाने आकार बदलणारा दुवा. अंधारात रेणू ताठ असतो, जवळपास निकामी. 390 नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश पडला की तो वाकतो आणि कामाला लागतो. दर 10 सेकंदांनी 0.1 सेकंदाची चमक पुरली. मी काही वर्षं अझोबेन्झिनवर काम केलंय. कुप्या फॉइलमध्ये गुंडाळायच्या, खोलीत लाल दिवा. दिव्याखाली पिवळसर द्रावण गडद नारिंगी होताना पाहिलं की अजूनही छान वाटतं.

पण ते बशीतल्या पेशींवर. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून बघा: बोट लालच दिसेल. निळा-जांभळा प्रकाश कातडी आणि रक्त वरच्या वरच शोषून घेतात. त्वचा, डोळा, दुर्बीण घालून पोचता येईल अशी गाठ, इथे मला या पद्धतीकडून खरीखुरी आशा आहे. मायलोमा मात्र मणका, फासळ्या, कंबरेचं हाड अशा कितीतरी ठिकाणच्या मज्जेत पसरलेला असतो. प्रकाश टाकायचा कुठे? आणि सगळीकडे टाकता आला, तर निरोगी मज्जा वाचवायचा हेतूच राहत नाही.

आत्ताचा मार्ग साधा आहे. मागच्या दोन-तीन महिन्यांचे सीबीसी रिपोर्ट तारखेनुसार लावून डॉक्टरांकडे न्या आणि डोस कमी करता येईल का, मधे काही दिवस खंड देता येईल का, पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन लागेल का, हे विचारा. गोळी तुमच्या मनाने बंद करू नका. ताप आला तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.