गिरगावात आमच्या चाळीच्या जागी टॉवर होतोय. तो पर्यावरणपूरक आणि वस्तीला साजेसा व्हावा म्हणून रहिवाशांनी काय पाहावं?

सोलर आणि 'ग्रीन' सर्टिफिकेट नंतर बघा. आधी बिल्डरकडे दोन ड्रॉइंग मागा: पश्चिमेच्या बाजूचं, आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या खालच्या मजल्यांचं.

मी आर्किटेक्ट आहे, तरी स्वतःच्याच घरात फसलो. आमची चाळ पाडायची ठरली तेव्हा सगळ्यांचं लक्ष जादा कार्पेट (घरातली वापरायची जागा) आणि कॉर्पसवर (बिल्डरने सोसायटीला देखभालीसाठी द्यायची ठेव). माझंही. आईच्या खोलीला पश्चिमेला अख्खी काच आली. एप्रिलमध्ये दुपारी चारला तिथल्या लादीवर अनवाणी पाय ठेववत नाही.

मुंबई साधारण 19 अक्षांशावर. उन्हाळ्यात भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेला दोन फुटी छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन तिरपं, छज्ज्याखालून थेट पलंगावर. पाऊसही तिकडूनच आणि वाराही, म्हणून ती बाजू भिंतीने बंद करूनही चालत नाही. तिथे खोल गॅलरीच हवी. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी कंबाला हिलच्या कांचनजंगा इमारतीत (1983) तेच केलं: 28 मजले, 32 फ्लॅट, कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजले उंचीच्या गच्च्या. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच वर चढवला म्हणा ना. ते श्रीमंतांचं काम, मान्य. पण चाळीची गॅलरी तरी दुसरं काय करत होती?

मेख अशी, की 2012 च्या नियमबदलात बाल्कनी एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर बांधायला परवानगी असलेल्या एकूण क्षेत्रफळात, धरली जाऊ लागली. मग बिल्डर ती खोलीतच घालतो, कारण खोली विकली जाते. तिथे अडून बसा. वाढीव कार्पेटमधले तीसेक चौरस फूट उघड्या गॅलरीला द्या आणि ती बंद करायची नाही हे सोसायटीच्या ठरावात घ्या, नाहीतर दोन वर्षांत सगळीकडे सरकत्या काचा लागतील.

आता खालचं. आमच्याकडे पहिले पाच मजले पार्किंग, रस्त्याला लागून नुसती जाळी. पूर्वी तिथे शिंपी, इस्त्रीवाला, पिठाची गिरण. रात्री दहापर्यंत गल्लीत उजेड असायचा. दुकानदारांना गाळे मिळाले, पण गेटच्या आत. गिऱ्हाईक वॉचमनच्या वहीत नाव लिहून इस्त्रीचे कपडे द्यायला जाईल का? गाड्या मागे ढकला, रस्त्याकडे दुकानं आणि त्यांवर शेजारच्या चाळींच्या उंचीइतकी घरं ठेवा. टॉवर त्यामागे उभा राहू दे. प्लॉट लहान आहे म्हणतील. तर शेजारच्या चाळींशी एकत्र पुनर्विकासाचं बोलून बघा.

आणि आवारात विहीर असेल तर गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून तिच्यात सोडायला सांगा. आमची बुजवली. तिथे आता ट्रान्सफॉर्मर आहे.