कुडियेट्टम की कैयेट्टम? केरळच्या डोंगरातील चर्च, क्रूस आणि वनजमीन

आपला प्रश्न असा आहे की, केरळमध्ये निलक्कल येथे 1983 साली चर्चवरून आणि पाप्पात्तिचोला येथे 2017 साली क्रूसावरून जे वाद झाले, त्यांतील विरोध ख्रिस्ती धर्माला होता की डोंगरातील जंगल वाचवण्यासाठी होता. माझे उत्तर थोडक्यात असे : निलक्कलचा वाद श्रद्धेचा होता आणि त्यात जंगल जवळजवळ कोणाच्या बोलण्यात नव्हते, पाप्पात्तिचोलाचा वाद सरळसरळ जमिनीचा होता आणि त्यात श्रद्धा मागाहून आणली गेली. पण एवढ्यावर थांबलो तर त्या डोंगरातील लोक इतके का चिडले हे कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वेलदोड्याच्या खरेदीच्या निमित्ताने मी इडुक्की जिल्ह्यात सात वर्षे राहिलो. मी ख्रिस्ती नाही आणि कायद्याचा अभ्यासकही नाही. परंतु माझे बहुतेक विक्रेते मध्य त्रावणकोरातून डोंगरावर आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतील होते, आणि भावाची बोलणी संपली की गप्पा हमखास जमिनीच्या कागदांवर येत. तिथे पहिल्याच वर्षी मला मलयाळममधील दोन शब्द शिकायला मिळाले. 'कुडियेट्टम' म्हणजे घर करून राहण्यासाठी वर चढून जाणे, आणि 'कैयेट्टम' म्हणजे दुसऱ्याच्या जागेत हात घालणे, अतिक्रमण. उच्चारात जेमतेम एका अक्षराचा फरक आहे. मात्र पहिला शब्द तिथे अभिमानाने उच्चारला जातो आणि दुसरा शिवी म्हणून. आपण विचारलेला सारा वाद या दोन शब्दांपैकी कोणता कोणाला लावायचा, यावरचा आहे.

कुडियेट्टमचा इतिहास समजून घेतला पाहिजे, कारण बाहेरून पाहणारा मनुष्य जंगलातील प्रत्येक घराला अतिक्रमण समजतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हा त्रावणकोर सरकारनेच जंगलातील जमीन अन्नधान्यासाठी लागवडीला दिली. पुढे भाषावार प्रांतरचनेच्या तोंडावर, 1955 च्या सुमारास, देवीकुळम आणि पीरमेडू या तमिळबहुल तालुक्यांत मलयाळी वस्ती वाढावी अशा हेतूने सरकारी वसाहत योजना आखली गेली आणि कुटुंबामागे पाच एकर जमीन देण्यात आली. म्हणजे ज्या लोकांना आज जंगल तोडणारे म्हटले जाते, त्यांतील बऱ्याच जणांच्या आजोबांना सरकारनेच हाताला धरून वर नेले होते. त्यानंतर 1961 साली, इडुक्की धरणाच्या योजनेसाठी, अय्यप्पनकोविल भागातील शेतकरी कुटुंबांना ऐन पावसाळ्यात उठवून कुमिळीजवळच्या अमरावती येथे आणून टाकले गेले. त्या वेळी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी तिथे उपोषण केले, आणि कम्युनिस्टांचे कडवे विरोधक समजले जाणारे कॅथलिक पाद्री फादर वडक्कन त्यांच्या बाजूने उभे राहिले. ही गोष्ट डोंगरातील घराघरांत अजून सांगितली जाते.

अशा वस्तीत चर्च म्हणजे केवळ प्रार्थनेची जागा नसते. हत्ती, हिवताप आणि जप्तीची नोटीस या तिन्हींशी झगडणाऱ्या लोकांनी स्वतःच्या झोपड्यांनंतर जे पहिले छप्पर उभारले, ते बहुधा चर्चचे होते. तिथेच शाळा भरली, आणि सरकारदरबारी अर्ज लिहून देणारा मनुष्य म्हणजे तिथला पाद्री होता. म्हणून चर्चच्या जमिनीबद्दल कोणी शंका काढली की तिथल्या माणसाला आपल्या घराखालची जमीन हलल्यासारखी वाटते. ही भावना मला खरी वाटते. ती नंतर राजकारणासाठी वापरली गेली, म्हणून ती खोटी ठरत नाही.

आता निलक्कल. हे ठिकाण पत्तनंतिट्टा जिल्ह्यात, शबरीमलेच्या यात्रामार्गावरील डोंगरात आहे. संत थॉमस यांनी इसवी सन 52 मध्ये केरळात येऊन 'साडेसात' चर्च स्थापन केली, अशी तेथील ख्रिस्ती समाजाची परंपरा मानते, आणि निलक्कल हे त्यांतील एक समजले जाते. मार्च 1983 मध्ये तेथील महादेव मंदिराजवळ, सरकारी शेती महामंडळाच्या जमिनीत, एक दगडी क्रूस सापडल्याचे जाहीर झाले, आणि त्या जागी चर्च व्हावे अशी मागणी पुढे आली. के. करुणाकरन यांच्या सरकारने जमीन देण्याची तयारी दाखवताच हिंदू संघटना एकत्र आल्या. त्या आंदोलनातून कुम्मनम राजशेखरन यांचे नेतृत्व पुढे आले. काही महिन्यांच्या तणावानंतर तडजोड झाली : मंदिराजवळची जागा सोडून, काही किलोमीटर अंतरावर आंगमूळी भागात चर्च बांधायचे. ते 1984 साली पूर्ण झाले आणि वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे सामाईक चर्च म्हणून आजही उभे आहे.

ही तडजोड चांगली होती, असेच बहुतेक जण सांगतात, आणि दंगल टळली या अर्थाने ती चांगली होतीच. मला मात्र त्यात एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजू या डोंगरावर आधी कोण आले हे सिद्ध करण्यात गुंतल्या होत्या, आणि सरकार कोणाला किती जमीन द्यावी म्हणजे शांतता राहील याचा हिशेब करत होते. वन (संवर्धन) अधिनियम 1980 साली, म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वी, लागू झाला होता; वनजमीन वनेतर कामासाठी द्यायची असेल तर केंद्राची पूर्वमंजुरी लागेल, असे त्याने ठरवले होते. तरीही सार्वजनिक मालकीची डोंगरी जमीन धार्मिक बांधकामासाठी मुळात द्यावी का, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. जमिनीचे वाटप हे शांततेचे साधन मानले गेले, आणि पुढच्या पिढीने त्यातून काय धडा घेतला असेल, हे ओळखणे कठीण नाही.

पाप्पात्तिचोलाचे प्रकरण मी इडुक्कीत असतानाच घडले. चिन्नक्कनाल गावाच्या हद्दीतील उंच, उघड्या डोंगरमाथ्यावर एका प्रार्थनागटाने काँक्रीटच्या चौथऱ्यावर भलामोठा लोखंडी क्रूस उभारला होता आणि शेजारी शेड बांधल्या होत्या. जमीन सरकारी असल्याचे महसूल खात्याचे म्हणणे होते. 20 एप्रिल 2017 रोजी पहाटे, जमावबंदी लावून, देवीकुळमच्या उपजिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालील पथक वर गेले. वाटेत गाड्या आडव्या लावून रस्ता अडवलेला होता, तो मोकळा करून जेसीबी वर पोहोचवला गेला, आणि क्रूस पाडण्यात आला. दूरचित्रवाणीवर ते दृश्य दिवसभर दिसत राहिले. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी, क्रूस हे श्रद्धेचे चिन्ह आहे आणि सरकारला विश्वासात न घेता असे करायला नको होते, अशी उघड नाराजी व्यक्त केली. दोनच दिवसांत त्याच जागी एक लहान लाकडी क्रूस पुन्हा उभा राहिला आणि तोही नंतर नाहीसा झाला. जुलैमध्ये त्या उपजिल्हाधिकाऱ्यांची बदली झाली.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट यापुढची आहे. कॅथलिक धर्मगुरूंपैकी अनेकांनी क्रूसाचा वापर अतिक्रमणासाठी करणे आपल्याला मान्य नाही, असे स्पष्ट सांगितले. माझ्या ओळखीचा एक वृद्ध बागायतदार, जो दर रविवारी न चुकता प्रार्थनेला जात असे, त्याने मला जे सांगितले त्याचा आशय असा होता की, त्यांच्या वडिलांनी उभारलेल्या क्रूसाभोवती माणसे राहत होती आणि म्हणून तिथे क्रूस होता. इथे मात्र आधी क्रूस आला आणि त्याच्या आडून जमीन येणार होती. कुडियेट्टम आणि कैयेट्टम यांतील फरक याहून नेमका मला कोणी समजावून दिलेला नाही.

तोच गृहस्थ कारवाईवर मात्र नाखूश होता, आणि त्याचे कारण मला पटते. मुन्नार परिसरात 2007 साली व्ही. एस. अच्युतानंदन यांच्या सरकारने अतिक्रमणे पाडण्याची मोठी मोहीम सुरू केली होती. ती राजकीय दबावामुळे अर्ध्यावर थांबली आणि डोंगरउतारावर रिसॉर्टे वाढतच राहिली. जेसीबीला क्रूसापर्यंतचा रस्ता सापडतो आणि रिसॉर्टपर्यंतचा सापडत नाही, असे लोक म्हणत. क्रूस पाडणे कायद्याने योग्यच होते, असे माझे मत आहे. पण पैसेवाल्यांच्या भिंतींना हात न लावणाऱ्या शासनाचा शब्द श्रद्धेच्या बाबतीत कोणी निमूटपणे ऐकावा, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते.

कायद्याबद्दल आपण स्वतंत्र विचारलेले नाही, तरी दोन-तीन गोष्टी उपयोगी पडतील. राज्यघटनेच्या 26 व्या अनुच्छेदाने धार्मिक संप्रदायांना मालमत्ता बाळगण्याचा हक्क दिला आहे, पण तिचे व्यवस्थापन कायद्यानुसार करायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 रोजी दिलेल्या अंतरिम आदेशाने सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि इतर सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च किंवा गुरुद्वारा यांच्या नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असे बजावले आहे. त्याहून मार्मिक तरतूद 2006 च्या वनहक्क कायद्यात आहे. त्याच्या कलम 3(2) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे न तोडता, गावाच्या सोयींसाठी वळवता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचे दुकान, रस्ता, समाजमंदिर अशा 13 गोष्टींची ती यादी आहे. तिच्यात कोणत्याही धर्माचे प्रार्थनास्थळ नाही. चर्च नाही, तसेच देऊळही नाही. समाजमंदिर हा शब्द ताणून त्यात काय काय बसवता येईल, याच्या युक्त्या मी ऐकल्या आहेत. त्या इथे सांगत नाही.

परंतु इडुक्कीत मुळात वनजमीन कोणती, हेच ठरलेले नाही. त्रावणकोर संस्थानाने 1897 साली अधिसूचित केलेल्या वेलदोडा टेकड्यांच्या राखीव वनाचे क्षेत्र सरकारच्या मते 15,720 एकर आहे आणि पर्यावरणवाद्यांच्या मते 2,15,720 एकर आहे. तेथील बागांत जमीन महसूल खात्याची आणि सावलीची झाडे वन खात्याची, असा दुहेरी कारभार चालतो. ज्या जागेवर चर्च आहे ती जंगल आहे की बाग, याचे उत्तर कोणत्या कार्यालयात विचारता यावर अवलंबून असेल, तर वाद श्रद्धेच्या भाषेत बोलला जाणारच, कारण ती भाषा तरी सर्वांना येते.

याची सर्वांत मोठी प्रचिती 2013 साली आली. पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीचा 2011 चा अहवाल आणि त्यानंतरचा कस्तुरीरंगन समितीचा अहवाल यांवरून इडुक्कीत उद्रेक झाला. केरळमधील 123 गावे पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनशील ठरणार होती, आणि आपल्याला उठवले जाणार ही भीती पसरली. इडुक्कीच्या कॅथलिक धर्मप्रांताच्या पाठबळाने हायरेंज (म्हणजे हा डोंगरी प्रदेश) संरक्षण समितीने आंदोलन चालवले. गाडगीळ अहवालाची बाजू घेणारे काँग्रेसचे खासदार पी. टी. थॉमस यांची लुटुपुटीची अंत्ययात्रा काढण्यात आली आणि तीत पाद्रीही सामील झाले. 2014 साली त्यांच्या पक्षाने त्यांना इडुक्कीची उमेदवारी दिली नाही, आणि समितीने पाठिंबा दिलेले जॉइस जॉर्ज निवडून आले. थॉमस स्वतः ख्रिस्ती घरातले आणि त्याच जिल्ह्यातले होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा संघर्ष दोन धर्मांमधला नव्हता, एवढे तरी मान्य करावे लागेल. धर्मसंस्थेने त्या वेळी भीती शमवायला हवी होती. तिने ती वाढवली, असे मी तिथे असतानाही म्हणत असे आणि आजही म्हणतो. 6 ऑगस्ट 2020 च्या रात्री मुन्नारजवळ पेट्टिमुडी येथे दरड कोसळून चहामळ्यातील 70 माणसे गेली. ती दरड चर्चमुळे वा रिसॉर्टमुळे कोसळली असे नाही; परंतु उताराबद्दल बोलणारा प्रत्येक जण शेतकऱ्यांचा शत्रू असतो, हा समज त्यानंतर काही घरांत तरी ढिला झालेला मी पाहिला.

शेवटी एक ताजी घडामोड, कारण ती आपल्या प्रश्नाला थेट भिडते. 1964 च्या जमीनवाटप नियमांनुसार पट्टयम, म्हणजे जमिनीचा सरकारी हक्कलेख, शेती आणि राहते घर एवढ्यासाठीच मिळत असे. त्यामुळे अशा जमिनीवरील दुकान, रिसॉर्ट आणि काटेकोरपणे पाहिले तर चर्चसुद्धा, अटीचा भंग ठरते. केरळ विधानसभेने सप्टेंबर 2023 मध्ये या नियमांमागच्या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली आणि एप्रिल 2024 मध्ये राज्यपालांची संमती मिळाली; तिच्यामुळे जुनी बांधकामे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. साठ वर्षांपूर्वी वस्तीने बांधलेले चर्च आणि दहा वर्षांपूर्वी दरीच्या कडेवर उभारलेले हॉटेल हे दोन्ही आता एकाच दारातून आत येऊ पाहत आहेत, आणि त्यांना वेगळे काढण्याचे काम पुन्हा त्याच महसूल कार्यालयांकडे आहे.