डुक्कर फियाट, सूर्यास्त आणि न करायची एक सही

प्रश्न : (कोथरूडच्या एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून) बायकोच्या चाळिसाव्या वाढदिवसाला एक पॅकेज घेतलं. जुनी गाडी स्वतः चालवत द्राक्षमळ्यावर जायचं, वाइन चाखायची, सूर्यास्त बघायचा आणि रात्री गाडी पुण्यात परत द्यायची. १८ हजार रुपये आणि २५ हजार अनामत यूपीआयने दिली. शिवाय दीड लाखाचा बिनतारखेचा चेक त्यांनी घेतला. गाडी १९५७ची फियाट, नंबरप्लेटवर एमएचच्या पुढे व्हीए अशी अक्षरं. मळ्यावर पाच प्रकार चाखले, मग एक ग्लास घेऊन सूर्य बुडेपर्यंत बसलो. परतताना चाकणजवळ नाकाबंदी होती. ब्रेक पहिल्या दाबात लागला नाही, गाडी बॅरिकेडला टेकली. बंपर वाकला, उजव्या दिव्याची रिंग गेली, कुणाला लागलं नाही. फुंकायच्या यंत्रात ४८ आकडा आला. पोलिसांनी लायसन्स आणि गाडी ठेवून घेतली. आता कंपनी दुरुस्ती, टोइंग आणि बुडालेलं भाडं धरून २ लाख ४० हजार मागते आहे. 'मी मालकाचा मित्र असून गाडी विनामोबदला हौसेने नेली होती' असा एक कागदही त्यांनी पाठवलाय. सही केली तर रक्कम कमी करू आणि चेक बँकेत टाकणार नाही, नाहीतर गाडी न विचारता नेली अशी तक्रार करू, असं म्हणतात. मला तुरुंगात जावं लागेल का? पैसे देऊन मोकळा होऊ का? पुढच्या वर्षी कंपनीच्या कामासाठी परदेशी जायचं आहे.

उत्तर : पहिली गोष्ट, त्या कागदावर सही करू नका. 'नुसती फॉर्मॅलिटी आहे हो' असं गोड बोलत माणूस दारात उभा राहिला तरी नाही. बाकीचं उत्तर चहा घेत वाचलंत तरी चालेल.

कागद त्यांना का हवाय, ते तुमच्याच पत्रात आहे. नंबरप्लेटवरची व्हीए ही अक्षरं. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. नव्याने अशी नोंदणी करणाऱ्याला व्हीए मालिकेतला नंबर मिळतो, फी २० हजार, मुदत १० वर्षं. या सवलतीच्या बदल्यात अट कडक आहे. अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच. रोजच्या वापराला नाही आणि धंद्याला तर नाहीच. म्हणजे तुमच्याकडून १८ हजार घेऊन ती डुक्कर फियाट तुमच्या हाती दिली, तिथेच नियम मोडला. स्वतः चालवायला गाड्या भाड्याने द्यायच्या तर १९८९च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली परवाना लागतो, त्यासाठी किमान ५० गाड्यांचा ताफा लागतो, आणि त्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. चार-सहा जुन्या गाड्या चकाचक करून 'अनुभव' विकणाऱ्यांकडे यातलं सहसा काहीच नसतं. परमिटशिवाय गाडी भाड्याने फिरवल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात १० हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. शिवाय खासगी पॉलिसीत भाड्याने दिलेल्या वापराला संरक्षण नसतं, त्यामुळे विमा कंपनी त्यांना दारात उभी करणार नाही.

म्हणून तुम्हाला 'मित्र' व्हायला सांगताहेत. तुम्ही मित्र झालात की भाडं नाही, धंदा नाही, परमिटचा प्रश्न नाही. उरतो तो एक प्यायलेला मित्र, ज्याने दुसऱ्याची गाडी ठोकली. तुमचे १८ हजार आणि २५ हजार परत मागायचा रस्ताही त्याच सहीने बंद होतो, कारण मित्राने भाडं दिलंच नव्हतं ना! आणि कोर्टात वापरण्यासाठी खोटा कागद तयार करणं हा भारतीय न्याय संहितेखाली वेगळा गुन्हा आहे. आज तुमच्यावर एक केस आहे, तिच्या दोन कशाला करायच्या? न विचारता गाडी नेल्याच्या तक्रारीला घाबरू नका. यूपीआयची नोंद, बुकिंगचा मेसेज आणि किल्ली देतानाचे फोटो असल्यावर ती टिकत नाही. उलट पैशांसाठी खोट्या गुन्ह्याची धमकी देणं खंडणीत मोडू शकतं. ते मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मूळ फोनही जपा.

आता तुम्हाला न आवडणारा भाग. गाडी बेकायदा भाड्याने दिली होती, म्हणून तुमचं पिऊन चालवणं धुतलं जात नाही. या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या खणांत ठेवा. कंपनी तुम्हाला पोलीस केसची भीती घालून पैसे काढू पाहते आहे, आणि तुमच्या पत्राचा सूर असा आहे की कंपनीच लबाड म्हणून पोलीस केस हलकी व्हावी. दोन्ही होणार नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची (पिऊन गाडी चालवण्याची) मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. तुमचा आकडा ४८. 'फक्त चाखलं' असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. चाखायला साधारण ५० मिलिलिटर ओततात. पाच वेळा म्हणजे अडीचशे, वर दीडशेचा एक ग्लास. १२-१३ टक्क्यांच्या वाइनमध्ये हे सुमारे ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं, आणि शरीर रक्तातलं प्रमाण १०० मिलिलिटरमागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या गतीने खाली आणतं. मग कॉफी प्या, भजी खा नाहीतर तोंडात वेलदोडा टाका. ४८ आकडा यायला एवढं पुरे होतं. चाखण्याच्या टेबलावर थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं ते शोभेला नसतं. ज्यांचा तो व्यवसाय आहे ते खरोखर थुंकतात.

शिक्षा : पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांचा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे. पहिलाच प्रसंग, कुणाला इजा नाही, आकडा फार वर नाही, अशा प्रकरणांत बहुधा दंडावर भागतं, पण तो न्यायाधीशांचा अधिकार आहे आणि मी हमी देत नाही. मे २०२४मधल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्याच्या आसपास या बाबतीत कुणी हसून सोडून देईल अशी अपेक्षा ठेवू नका. हा गुन्हा जागेवर चलन भरून मिटत नाही. कोर्टात जावंच लागतं. 'साहेबांशी बोलून मिटवतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

वकीलपत्र ज्यांना द्याल त्यांना आधी यंत्राची छापील पट्टी मिळवायला सांगा. तीवर वेळ आहे का, तुमचं नाव आहे का, यंत्राचा क्रमांक कोणता, त्याची तपासणी शेवटची कधी झाली, हे सगळं बघायचं. या कलमाखाली अटक केली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, ती झाली का आणि केव्हा, तेही बघा. यात खरी खोट निघाली तर केस लढवा. नसेल तर गुन्हा कबूल करून दंड भरण्याचा मार्ग आहे, पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. ती नोंद राहते. परदेशी जायचं असणाऱ्याने 'चला, दहा हजार भरून टाकू' हा निर्णय पहिल्याच तारखेला घेऊ नये.

लायसन्स पोलिसांकडून आरटीओकडे जातं. तिथे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ते निलंबित करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला निलंबन तीन महिन्यांचं असतं. नोटीस आली की हजर राहा. लायसन्स घेतल्याची पावती मिळाली नसेल तर आजच मागा. दरम्यान दुसरी गाडीही चालवू नका, स्कूटरसुद्धा.

आता पैसे. २ लाख ४० हजारांचा हिशेब मला तुम्ही जोडलेल्या मेसेजमध्ये तीन ओळींत दिसतो आणि एकाही ओळीला बिल नाही. बुडालेलं भाडं ही ओळ आधी खोडा. जो धंदा करायलाच बंदी आहे, त्यात बुडालेलं उत्पन्न कुठलं कोर्ट भरून देईल? दावा लावायचा तर 'आम्ही व्हीए पाटीची गाडी भाड्याने देतो' असं शपथेवर लिहावं लागेल. तसं लिहून देणारा व्यावसायिक मी तरी पाहिलेला नाही. शिवाय गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमीपत्र देऊन, सोडवून घ्यायचा अर्ज मालकानेच करायचा असतो. तो न करता ती पोलीस ठाण्याच्या आवारात उभी ठेवली, तर त्या दिवसांचं ओझं तुमच्या माथ्यावर येत नाही. करारात काहीही दंड छापलेला असला तरी करार कायद्याच्या कलम ७४प्रमाणे कोर्ट त्या आकड्याच्या आतच, वाजवी तेवढीच भरपाई देतं.

बंपर आणि दिव्याची रिंग हा भाग खरा आहे. इथे ब्रेकचा मुद्दा कामाचा ठरतो. भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल आणि त्याने नुकसान झालं, तर तो दोष माहीत नव्हता म्हणूनही देणारा सुटत नाही, असं करार कायद्याचं कलम १५० सांगतं. जुन्या फियाटचे ड्रम ब्रेक आजच्या गाडीसारखे चिकटत नाहीत हे खरं, पण दुरुस्त असले तर पहिल्या दाबात लागतात. गाडी देताना त्यांच्या माणसाने 'ब्रेक दोनदा मारा' असं सांगितलं होतं का? आठवून लिहून काढा, बायकोलाही वेगळं लिहायला सांगा. समोरचा वकील लगेच म्हणेल की प्यायलेल्या माणसाचा पाय उशिरा पडला. त्यालाही दम आहे. म्हणून माझं मत असं : गॅरेजचं खरं बिल आणि टोइंगची पावती मागा, सुट्या भागांची चौकशी स्वतः करा आणि त्यातला वाजवी वाटा अनामतीतून वळता करून घ्यायची लेखी तयारी दाखवा. सौजन्य म्हणून नव्हे, पुढे हे पत्र तुमच्या बाजूने वाचलं जाईल म्हणून.

चेकचं काम मात्र याच आठवड्यात करा. बिनतारखेच्या सही केलेल्या चेकवर ते तारीख घालू शकतात, आणि 'तो सिक्युरिटीचा होता' एवढं म्हणून चेक न वटल्याच्या गुन्ह्यातून, म्हणजे कलम १३८मधून, सुटका होत नाही. कंपनीला लेखी कळवा की कायद्याने वसूल होणारं कोणतंही देणं शिल्लक नाही, सबब चेक परत करावा. बँकेला पेमेंट थांबवायची सूचना द्या, पण खातं बंद करू नका आणि दीड लाख त्यात राहू द्या. पैसे होते, तरी योग्य कारणासाठी थांबवले, हे दाखवता आलं तर बचाव भक्कम होतो. चेक परत गेला तर ३० दिवसांच्या आत तुम्हाला नोटीस येईल. नोटीस मिळाल्यापासून तुमच्याकडे १५ दिवस असतात. त्या १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. लोक नोटीस घेत नाहीत, 'घरी नाही' सांगतात आणि मग समन्स आल्यावर धावत येतात. तसं करू नका.

उरलेल्या पैशांसाठी आणि बेकायदा सेवा कायदेशीर भासवून विकल्याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तुम्ही पुण्यात राहता, त्यामुळे तक्रार इथेच दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, मुदत दोन वर्षं, ऑनलाइन दाखल करता येते, वकील नेमायलाच हवा असं नाही. त्यांची जाहिरात जपून ठेवा. 'वाइन चाखा आणि रात्रीच्या थंड हवेत स्वतः गाडी चालवत परत या' असं तिच्यात छापलंय. चालक देण्याची सोय नसताना असं आवताण देणाऱ्याला आयोगापुढे अवघड जाईल. फक्त हीच जाहिरात १८५च्या केसमध्ये ढाल म्हणून पुढे करू नका, तिथे चाक तुमच्या हातात होतं.

मळ्यावाल्यांवर दावा लावावा का, असं तुमच्या पत्नीने विचारलंय. मला त्यात काही दिसत नाही. वाइनसाठी राज्यात वयाची अट २१ आहे, दोघंही त्यापुढे आहात. पिण्याचा परवाना मळ्यावर काढला होता का तेवढं बघा. डिकीतल्या दोन बाटल्यांचं बिल त्याला जोडून ठेवा.

राहिला परदेशाचा प्रश्न. फौजदारी केस कोर्टात प्रलंबित असताना पासपोर्ट नव्याने काढणं किंवा त्याचं नूतनीकरण अडू शकतं, तेव्हा त्याच कोर्टाची परवानगी लागते. तुमच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते आज बघा. व्हिसाच्या अर्जात अटक, खटला किंवा शिक्षा यांबद्दल विचारलं असेल तर जे घडलं तेच लिहा आणि कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडा. ऑफिसला कळवायचं की नाही हे तुमच्या नेमणूकपत्रावर अवलंबून आहे. काही कंपन्या फौजदारी केस कळवायची अट घालतात. ते कलम सापडलं तर मला पाठवा, शब्दरचना बघून काय लिहायचं ते सांगते.