टाकीच्या पत्र्याची जाडी

प्रिय बेटा,

परवा तू निघून गेलीस आणि मी तुझा प्रोजेक्ट रिपोर्ट पुन्हा वाचायला घेतला. भाषा स्वच्छ, आकृत्या नेटक्या, सूत्रं बरोबर. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडची टाकी आणि पत्रा आठ मिलिमीटरचा. ‘यात करोजन अलाउन्स किती धरलास?’ असं मी विचारलं तेव्हा तू गप्प झालीस, आणि मग म्हणालीस, ‘काका, चॅटजीपीटीने दिलं ते घेतलं.’ खरं सांगितलंस, याचं मला फार बरं वाटलं. पण रात्री झोप लागली नाही. ॲसिड पत्रा हळूहळू खातंच, म्हणून हिशेबाने येते त्यापेक्षा काही मिलिमीटर जास्त जाडी घ्यावी लागते, तोच करोजन अलाउन्स. त्यात कुठून पाणी शिरलं तर पातळ झालेलं ॲसिड पत्रा झपाट्याने खाऊ लागतं. खाली माणसं काम करत असतात गं.

तू विचारलंस, एमबीए करू, कॅनडाला जाऊ, की इंजिनिअरिंगला आता काही अर्थच उरला नाही? उत्तर द्यायच्या आधी माझी एक गोष्ट सांगतो.

मी इथे बडोद्यात, मकरपुऱ्याच्या एका ड्रॉइंग ऑफिसात लागलो तेव्हा तिथे ट्रेसर असायचे. दिवसभर ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढायच्या, चुकलं तर ब्लेडने हलकेच खरवडायचं. ड्रॉइंगच्या नकला अमोनियावर निघायच्या, त्या प्रिंटचा वास घरी जाईपर्यंत कपड्यांतून जात नसे. दुसऱ्याच वर्षी माझ्या ड्रॉइंगमध्ये एका नोझलच्या, म्हणजे टाकीला पाइप जोडायच्या तोंडाच्या, फ्लँजचं (बोल्टने जोडायच्या कड्याचं) बोल्टहोल नेमकं मध्यरेषेवर आलं. मध्यरेषा दोन होलांच्या मधून जायला हवी, तो ठरलेला रिवाज आहे. नाहीतर समोरून येणाऱ्या पाइपचे बोल्ट जुळत नाहीत. त्या ड्रॉइंगवर तीन सह्या होत्या. चूक कुणी पकडली? शॉपमधल्या, म्हणजे जिथे टाक्या बनत त्या वर्कशॉपमधल्या, फिटरने. त्याने खडूने गोल काढला आणि म्हणाला, ‘साहेब, आ नहीं बेसे.’ त्या दिवसापासून मी रोज दुपारी तासभर शॉपमध्ये जाऊन उभा राहू लागलो.

पुढे कॉम्प्युटर आला. ज्यांना फक्त सुबक रेघ ओढता येत होती त्यांची कामं एकेक करत गेली. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता, आणि त्यांचं वाईट मला आजही वाटतं. ज्यांना ती रेघ म्हणजे कुठला पत्रा, कुठलं वेल्डिंग हे कळत होतं, ते टिकले.

आज त्याहून कठीण आहे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. नव्या मुलाला पहिली दोन-तीन वर्षं किरकोळ कामं मिळायची: मालाची यादी काढणं, जुन्या ड्रॉइंगवरून नवं करणं, मीटिंगची टिपणं लिहिणं. ती करता करताच तो शिकायचा. नेमकी तीच कामं आता सॉफ्टवेअर उरकू लागलंय. जिन्याची पहिली पायरीच काढून घेतल्यासारखं झालंय. कंपनीला तयार माणूस हवा, आणि तयार करायचं कुणी, यावर कॉलेज आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात.

डिग्रीचं म्हणशील तर २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात देशभरात सुमारे ४.३३ कोटी मुलं उच्च शिक्षण घेत होती, आणि नव्या शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत पटनोंदणीचं प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचंय. ज्या बडोद्यातून सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तिथल्या माणसाला याचा आनंदच व्हायला हवा. मला होतोही. पण सगळ्यांच्याच हातात डिग्री आली की मुलाखत घेणारा तिच्या पलीकडचं विचारणारच.

तुझी फॅकल्टी कलाभवनातून वाढली आहे, तिथून रोज जातेस तर हे माहीत असू दे. १८९० साली महाराजांनी ते काढलं आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती सोपवलं. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, सगळं तिथे हाताने करत शिकायचं. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. स्वतः गज्जर रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि १९०७ साली अलेंबिक ही इथली औषध कंपनी उभी करणाऱ्यांतही ते होते. प्रयोगशाळा आणि कारखाना यांत तेव्हा इतकं अंतर नव्हतं. ते अंतर आता तुलाच पायाने कापावं लागणार आहे.

कॅनडाबद्दल. अलकापुरीतल्या परदेशी पाठवणाऱ्या एजंटांच्या पाट्या बघून निर्णय घेऊ नकोस. २०२४ पासून तिथे स्टडी परमिटवर मर्यादा आली, आणि फी सोडून वर्षाच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम त्याच वर्षी १०,००० कॅनेडियन डॉलरवरून एकदम २०,६३५ डॉलर झाली होती. एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली एखादा विषय शिकायचा म्हणून जात असशील तर मी स्वतः शिफारसपत्र लिहीन. नुसतं इथून सुटायचं म्हणून बाबांनी दांडिया बाजारातलं घर गहाण टाकावं, हे मला पटत नाही. एमबीएसुद्धा चार वर्षं काम करून मग कर; तेव्हा वर्गात विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.

त्यापेक्षा आधी एक वर्ष ॲप्रेंटिस म्हणून काढ. पदवीधरांसाठी केंद्राची योजना आहे, किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा सरकार उचलतं. पैसे थोडे मिळतील, मैत्रिणींची पॅकेजं ऐकून जीव खट्टू होईल, तरीही कर. आणि चॅटजीपीटी वापरू नकोस असं मी म्हणत नाही. आधी कागदावर स्वतः काढ, मग त्याला विचार, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत तर का, ते शोधल्याशिवाय उठू नकोस.

शनिवारी सकाळी नऊला ये. मकरपुऱ्यात माझ्या ओळखीचं फॅब्रिकेशन शॉप आहे, त्यांच्याशी बोललोय. सध्या तिथे ॲसिडची टाकी उभी राहतेय. सेफ्टी शूज घालून ये, ओढणी नको. आणि रिपोर्टमधलं जाडीचं पान कोरं ठेवून आण. तिथेच बसून पुन्हा काढू.

तुझा,
काका