८० जणांच्या कंपनीने आसपासच्या वस्तीसाठी नेमकं काय करावं?

प्रश्न असा आहे: मुंबईत अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये आमची ८० जणांची कंपनी आहे. सीएसआरचा (नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करण्याचा) कायदा आम्हाला लागू नाही, पण आमच्या साहेबांना आसपासच्या वस्तीसाठी काहीतरी करायचंय. वर्षाला दोन लाख रुपये आणि लोकांचे काही तास देता येतील. जबाबदारी माझ्यावर आलीय. एक दिवसाची मोहीम घ्यावी, शाळेत वस्तू वाटाव्यात, की आणखी काही?

मी गोवंडीत मुलांच्या अभ्यासिका चालवणाऱ्या एका संस्थेत काम करते. कंपन्यांशी बोलणं आणि त्यांची माणसं आली की त्यांना वर्गांशी जोडून देणं हे माझं काम, त्यामुळे घेणाऱ्याच्या बाजूने सांगते. ८० जणांना एक दिवस आणू नका. त्यातले पाच-सहा जण वर्षभर द्या, आणि दोन लाखांतला मोठा भाग एकाच संस्थेला तिच्या रोजच्या खर्चासाठी द्या.

आधी कायद्याचं सांगून टाकते, म्हणजे साहेबांनी विचारलं तर उत्तर तयार असेल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी मर्यादा आदल्या आर्थिक वर्षात गाठली, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. तुम्ही त्यात बसत नाही, त्यामुळे परिशिष्ट ७ (सीएसआरमध्ये धरल्या जाणाऱ्या कामांची यादी), समिती, अहवाल यातलं काहीच तुमच्या मागे नाही. तरी त्यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. मॅरेथॉन, पुरस्कार, प्रायोजकत्व असले एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जात नाहीत, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ मध्येच स्पष्ट केलं. आणि कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळाची रुपयांत किंमत लावून ती खर्चात दाखवता येत नाही, हे ऑगस्ट २०२१ च्या खुलाशात सांगितलं. म्हणजे ज्यांना कायदा लागू आहे, त्यांनाही 'माणसं पाठवली ना, मग पैसे कमी' असं म्हणता येत नाही. तुमच्याकडेही वेळ आणि पैसा यांचा हिशेब वेगळा ठेवा.

आता एक दिवसाच्या मोहिमेबद्दल. येणाऱ्यांच्या मनात खोट नसते, हे मी अगदी मनापासून सांगते. पण आमच्या बाजूने तो दिवस कसा जातो बघा. आमची खोली १० बाय १५ची. चाळीस माणसं बसमधून उतरतात, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. त्यांच्यासाठी मुलं गोळा करून ठेवावी लागतात. शनिवारी सकाळी मोठ्या मुली पाणी भरायला थांबलेल्या असतात, त्यांना घरून बोलावून आणायचं. त्या दिवशीचा नेहमीचा वर्ग बुडतो. शिक्षिका चहा-नाश्त्याच्या मागे. मग भिंत रंगवायची. आमच्या एका खोलीची तीच भिंत वेगवेगळ्या कंपन्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलीय, आणि वरचा पत्रा पावसात गळतो तो गळतोच. दप्तरं आली तर ती बहुधा शाळा सुरू होऊन महिना उलटल्यावर येतात, तोवर महापालिकेच्या शाळेत मुलांना दप्तरं मिळालेली असतात. फोटो निघतात, बस जाते, आणि सोमवारी मुलं विचारतात ते लोक परत कधी येणार. त्याचं उत्तर आमच्याकडे नसतं.

याउलट काय घडतं ते एका माणसावरून सांगते. एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या अकाउंट्समधले एक सर आमच्या सातवीच्या मुलींना गणित शिकवायला एक आड एक शनिवारी यायचे. पहिल्या काही शनिवारी मुली तोंडच उघडत नव्हत्या. वहीत १/४ + १/२ = २/६ असं लिहून ठेवायच्या आणि सरांनी विचारलं की खाली बघायच्या. यातल्या बऱ्याच मुलींच्या घरी भंगार निवडण्याचं काम चालतं. एकदा वर्ग सुटता सुटता सरांनी त्यांना आपसात तांब्याच्या वजनावरून हुज्जत घालताना ऐकलं. पुढच्या वेळी त्यांनी फळ्यावर आकडे लिहिलेच नाहीत. विचारलं, पाव किलो तांबं आणि अर्धा किलो तांबं, एकूण किती? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, पाऊण. मग हे वहीत २/६ कसं झालं? एक मुलगी बराच वेळ वहीकडे बघत बसली आणि म्हणाली, अर्ध्यात दोन पाव असतात सर, ते आम्ही मोजलेच नाहीत. छेद समान करणं म्हणजे काय, हे त्या मुलीने स्वतः शोधलं. त्यानंतर मुलीच सरांची परीक्षा घ्यायला लागल्या. सव्वा अधिक पाऊण किती, असं विचारायच्या आणि सर कागदावर मांडेपर्यंत 'दोन' म्हणून मोकळ्या व्हायच्या.

सर काही शिक्षक नाहीत. ते परत परत येत राहिले, म्हणून मुली त्यांच्यासमोर बोलायला लागल्या, आणि मुली बोलल्या म्हणून चूक कुठे होतेय ते सापडलं. एका दिवसात हे होत नाही, कितीही हुशार माणूस आणा.

म्हणून साहेबांकडे पहिली मागणी पैशाची करू नका. पाच-सहा जणांना महिन्यातून दोन वेळा अर्धा दिवस भरपगारी मोकळीक द्या, असं मागा. फक्त रविवारीच जायचं ठरलं, तर ते कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या सुट्टीतून दिलेलं दान झालं, कंपनीने काय दिलं? शिवाय घर सांभाळणाऱ्या बायकांना रविवारी बाहेर पडणं सगळ्यात अवघड, मग इच्छा असूनही त्या यादीत दिसत नाहीत. आणि याची सक्ती अजिबात नको. अप्रेझलमध्ये गुण द्यायचे, नाव न देणाऱ्याची मीटिंगमध्ये विचारपूस करायची, सगळ्यांच्याच पगारातून शंभर रुपये कापायचे, असलं काही सुरू झालं की लोकांचं मन त्यातून उडतं. पगारातून वर्गणी घ्यायची तर ज्याची त्याची लेखी संमती घ्या, आणि ८०जीची (देणगीवर आयकरात सवलत देणारी) पावती मिळाली तरी नव्या करपद्धतीत त्या देणगीची वजावट मिळत नाही, हे आधीच सांगा. नंतर कळलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

शिकवणं सगळ्यांना जमतं असं नाही, आणि जमायला हवं असंही नाही. तुमच्या ऑफिसात रोज जे काम होतं, त्याची संस्थांना फार गरज असते. देणगीदारांची माहिती दरवर्षी ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे फॉर्म १०बीडीमध्ये भरावी लागते, त्याशिवाय देणगीदाराला करवजावटीचं प्रमाणपत्र मिळत नाही. छोट्या संस्थेत हे काम शिक्षिकाच रात्री बसून करते. तुमच्या अकाउंट्समधलं कुणी मे महिन्यात दोन संध्याकाळी तिच्या शेजारी बसलं तर केवढा आधार होईल! खोलीचा लिव्ह अँड लायसन्सचा करार वाचून देणारा, जुने कॉम्प्युटर नीट करून देणारा, मराठीत चांगलं लिहिणारा, सगळ्यांना काम आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी मराठी पुस्तकं स्कॅन करतात, त्यातल्या अक्षरांच्या चुका दुरुस्त करायलाही माणसं लागतात. ते काम मरोळमध्येच, आपल्या टेबलावर बसून करता येतं.

पैशाचं स्पष्टच लिहिते. मुंबईत वस्तीत काम करायचं तर सगळ्यात महाग असते ती जागा. खोलीचं डिपॉझिट, भाडं, लाईटबिल आणि शिक्षिकेचं मानधन, यावर अभ्यासिका चालते. आणि नेमके यासाठीच पैसे मिळत नाहीत, कारण भाड्याच्या पावतीवर कंपनीचं नाव झळकत नाही. टॅब द्यायला तयार असतात, पण टॅब चालवून दाखवणाऱ्या ताईचा पगार कोण देणार? मोठ्या कंपन्यांतले लोक प्रशासकीय खर्चाच्या ५ टक्के मर्यादेकडे बोट दाखवतात. पण २०२१ च्या सुधारित नियमांत ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला आहे, संस्थेने प्रकल्प राबवताना दिलेल्या भाड्याला आणि पगाराला नाही. तुम्हाला तर तीही अडचण नाही. दोन लाखांतले दीड लाख 'भाडं आणि मानधन' असं लिहून एकाच संस्थेला द्या, पुढच्या वर्षीही देणार असाल तर तेही आत्ताच सांगा. वर्ष संपायच्या आत पुढची सोय माहीत असली, तर शिक्षिका दुसरी नोकरी शोधत नाही. उरलेले पन्नास हजार तुमच्या लोकांचं येणं-जाणं आणि संस्थेला ऐनवेळी लागणाऱ्या वस्तूंसाठी हाताशी ठेवा.

संस्था शोधायला लांब जाऊ नका. अंधेरीहून गोवंडीला यायचं तर घाटकोपरपर्यंत मेट्रो आणि पुढे बस-रिक्षा. जुलैच्या पावसात दोनदा अडकलात की तिसऱ्या वेळी कुणी निघणार नाही. मरोळमध्येच, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येईल असं बघा. आणि इंटरनेटवर शोधायच्या आधी तुमच्या ऑफिसच्या हाऊसकीपिंगच्या मावशींना आणि गेटवरच्या वॉचमन काकांना विचारा. त्यातले कितीतरी जण जवळच्याच वस्तीत राहत असतील. कुठली बालवाडी रोज उघडते, कुठली संस्था फक्त फलकापुरती आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. त्यांच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीनंतरचे प्रवेश यात मदत करता आली तर तीही करा. ती माणसं कंत्राटदाराची असली तरी काम तुमच्याकडेच करतात.

नाव कळलं की कागद बघा: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद. मग न सजवलेल्या दिवशी, वर्ग चालू असताना जाऊन या. महापालिकेच्या शाळेत थेट काम करायचं असेल तर मुख्याध्यापकांचा होकार पुरत नाही, शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते. तुमचा भाग के-पूर्व वॉर्डात येतो, चौकशी तिथून सुरू करा आणि वेळ हाताशी ठेवा.

मुलांमध्ये जाणार असाल तर एका बाबतीत तडजोड करू नका. मुलांसोबत कुणीही एकटं थांबायचं नाही, संस्थेचं माणूस सोबत हवंच. पोलीस पडताळणी मागितली तर राग मानायचा नाही, उलट मागत नसतील तर का मागत नाही ते विचारायचं. मुलांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत, चेहरे दिसतील असे फोटो कंपनीच्या पानावर टाकायचे नाहीत. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करणं तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हाच आहे.

सगळ्या ८० जणांनी मिळून काहीतरी करायची हौस असेलच, आणि ती चांगली आहे. त्यासाठी रक्तदान शिबिर घ्या, पण तारीख वर्धापनदिनाची नको, रक्तपेढीला विचारून ठरवा. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. एकाच आठवड्यात सगळ्यांनी रक्त दिलं तर पुढे तुटवडा तसाच राहतो. मुंबईत मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, निम्मी माणसं गावी असतात, आणि रक्तपेढ्या चिंतेत असतात. दिवाळीतही तेच. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की प्लेटलेट्ससाठी नातेवाईक या रुग्णालयातून त्या रुग्णालयात धावतात. तुमच्यातल्या तब्येतीने ठीक असलेल्यांनी दोन गट केले, एकाने मेमध्ये आणि दुसऱ्याने दिवाळीच्या आधी रक्त दिलं, तर एकदाच केलेल्या मोठ्या शिबिरापेक्षा त्याचा उपयोग जास्त. पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येतं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर शाळा जूनच्या मध्याला उघडतात. संस्थेशी बोलणी एप्रिल-मेमध्ये उरकून जुलैपासून माणसं पाठवा, कारण जूनभर प्रवेश आणि पुस्तकांचीच धांदल असते. दिवाळीची सुट्टी आणि परीक्षेचे दिवस सोडून द्या. येणाऱ्यांपैकी कुणी नोकरी सोडत असेल, तर त्याने मुलांना तसं सांगून निरोप घ्यावा आणि जाण्याआधी एक-दोनदा नव्या माणसाला सोबत आणावं.

तुमच्या लोकांपैकी कुणाला काय येतं (हिशेब, भाषा, शिवणकाम, कॉम्प्युटर, काहीही) आणि आठवड्याचा कुठला वार मोकळा मिळू शकतो, हे इथे कळवलंत तर कुठल्या प्रकारची संस्था शोधायची ते मी सांगू शकेन.