रोटरीची चार प्रश्नांची कसोटी प्रत्यक्ष कामात कशी वापरायची?

शिकागोची डबघाईला आलेली भांड्यांची कंपनी सावरताना हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये ही कसोटी लिहिली. रोटरी या समाजसेवी क्लबांच्या संघटनेने ती १९४३ मध्ये स्वीकारली. हे सत्य आहे का? सर्व संबंधितांना न्याय्य आहे का? यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का? सर्व संबंधितांच्या हिताचे आहे का?

बैठकीच्या सुरुवातीला एका सुरात म्हणून ती संपते, तिथेच गाडी अडते. ती ठराव मतदानाला टाकण्याआधी वापरा. आधी ‘संबंधित’ कोण, याची यादी कागदावर करा. बहुतेक क्लब इथेच चुकतात: यादीत सभासद आणि देणगीदार येतात, ज्यांच्यासाठी प्रकल्प आहे ते राहतात. शाळेला पाण्याचा फिल्टर द्यायचा असेल तर मुख्याध्यापकांइतकाच तो साफ करणारा शिपाईही संबंधित. फिल्टरचे कार्ट्रिज (आतला बदलायचा भाग) कोण बदलणार, खर्च कुणाचा, हे त्याला विचारल्याशिवाय चौथ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणू नका.

पहिला प्रश्न अहवालालाही लावा. आरोग्य शिबिरात तपासलेले आणि प्रत्यक्ष उपचार मिळालेले, हे आकडे वेगळे लिहा. तिसरा प्रश्न मात्र नकार टाळायची पळवाट होऊ शकतो (‘उगाच कोणी दुखावेल’), म्हणून तो पहिल्या दोघांनंतरच.